‘हा लाँग एका दिवसात उरकतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

व्हिएतनाममधल्या हा लाँग या चुनखडीच्या बेटांनी भरलेल्या उपसागरावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन रात्री बोटीवर काढणं म्हणजे टूरवाल्यांची धन, हनोईहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. चुनखडीचे सुळके काय, दहा बघितले की सगळे बघितले. जुलै 2025 च्या बोट अपघाताबद्दल मी मूग गिळून बसलो, रात्री बोटीवर राहणं धोक्याचं, त्यापेक्षा दिवसाची सहल सुरक्षित. शाकाहारी माणसानं तिथं खायचं काय? आणि वर, ‘आमच्या कोकणात काय कमी आहे?’

कोकणात काही कमी नाही. पण तुलना तुम्हीच काढलीत, तर तिथूनच सुरू करू. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. उधाण (मोठी भरती) अमावास्या-पौर्णिमेला, भांग (लहान भरती) अष्टमीच्या आसपास. हा हिशोब घेऊन टाँकिनच्या आखातात, म्हणजे हा लाँग जिथं आहे तिथं, गेलात तर गणित चुकेल. त्या आखाताचा आकार आणि खोली अशी आहे की दिवसातून एकदा येणारी भरतीची लाट तिथं फुगते आणि बारा तासांची दबून जाते. त्यामुळे बहुतेक दिवस एकच भरती, एकच ओहोटी. तीही तिथी पाहून लहानमोठी होत नाही. चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला लांब गेला की पाणी तीन मीटरच्या वरही चढतं-उतरतं, आणि तो विषुववृत्ताजवळ आला की जेमतेम हलतं.

आता तुमची एका दिवसाची सहल धरा. हनोईपासून बंदर साधारण 160 किलोमीटर. जाण्यायेण्यात पाच तास गेले. उरलेल्या चार-सहा तासांत बोटीवरचं जेवण, सुंग सोट गुहेच्या पायऱ्यांवरची रांग आणि तितोव बेटावर धापा टाकत चढून काढलेला फोटो. (हे बेट घेर्मान तितोव या सोव्हिएत अंतराळवीराच्या नावाचं. 1962 साली व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह त्याला इथं घेऊन आले होते.) या वेळात पाणी जिथं असेल तिथं. वर असेल तर वरचं, खाली असेल तर खालचं. दुसरं रूप बघायला तुम्ही तिथं नसताच.

‘सगळे सुळके सारखे’ हे खरं तर एकाच पातळीच्या पाण्यात बघितल्यामुळे वाटतं. कोकणातला काळा कातळ आणि जांभा पाण्यात विरघळत नाही, चुनखडी विरघळते. म्हणून इथं बेटाच्या पोटातून बोगदे गेलेत आणि आत चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेली तळी आहेत. बोगद्यातून कधी जाता येईल हे भरती ठरवते. हा लाँगला लागूनच असलेल्या लान हा उपसागराच्या बाजूला आम्ही कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन अशाच एका बोगद्यात शिरलो तेव्हा ओहोटी होती. समुद्राच्या रेषेला कडा आतपर्यंत कोरला गेलेला, वर छप्परासारखा पुढे आलेला. त्याच्या खालच्या अंगाला कालवं अशी दाट चिकटलेली की हात टेकवला तर कापलाच. शिंपल्यांतून पाणी ठिबकत होतं, मधूनच कट्‌कट् आवाज. आतल्या तळ्यात आम्ही रमलो, पण बरोबरचा वाटाड्या पोरगा कड्यांकडे बघत नव्हता. तो कालवांच्या पट्ट्याची खालची कड बघत होता. ती पाण्याला टेकायला लागली तशी त्यानं वल्हं आपटून सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर पडताना आम्हाला माना खाली घालाव्या लागल्या. संध्याकाळी बोट त्याच बाजूनं गेली तेव्हा तिथं बोगदा आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

हे बघायचं तर लांब जावं लागतं, आणि इथेच पैशाचा मुद्दा येतो. एक रात्रवाली बोट दुपारी बाराच्या सुमारास माणसं घेते आणि दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकराला उतरवते, कारण बाराला पुढचे पाहुणे धक्क्यावर उभे असतात. अशी बोट धक्क्यापासून लांब जाणार कशी? दोन रात्री घेतल्या की मधल्या दिवशी मोठी बोट माणसं बदलायला जाते आणि तुम्हाला छोट्या बोटीत बसवून गर्दीपलीकडे नेतात. मी पैसे मोजले ते या मधल्या दिवसाचे. एक रात्र हा माझ्या मते सगळ्यात फसवा सौदा.

बजेट कमी असेल तर क्रूझ सोडाच. कात बा बेटावर हॉटेल घ्या आणि बेओ धक्क्यावरून लान हासाठी दिवसाची बोट करा. हा लाँग क्वांग निन्ह प्रांतात, लान हा हायफाँगकडे, एवढाच फरक. डोंगर तेच, पाणी तेच. युनेस्कोनंही 2023 मध्ये हा लाँगच्या वारसा क्षेत्रात कात बा जोडून घेतलं. त्याच दिवशी हनोईला परतायचं नसल्यामुळे भरतीच्या वेळा बघून सकाळची किंवा दुपारची बोट निवडता येते.

अपघाताबद्दल. 19 जुलै 2025 ला दुपारी अचानक आलेल्या वादळी पावसात पर्यटकांची बोट उलटली, तीसहून जास्त माणसं गेली. ती दिवसाच्या फेरीची बोट होती. तेव्हा रात्री बोटीवर राहणं धोक्याचं आणि दिवसाची सहल सुरक्षित, हा तुमचा निष्कर्ष त्यातून निघत नाही. धोका ऋतूचा आहे. जून ते सप्टेंबर वादळांचे महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, आणि बंदरानं बोटी रोखल्या तर पैसे परत मिळणार का, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या. जानेवारी ते मार्च वादळ नसतं, पण धुकं आणि रिमझिम इतकी की समोरचं बेट दिसायची मारामार.

राहिलं जेवण. बुकिंग करतानाच ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी असं लिहून कळवा आणि बोटीवर चढल्यावर पुन्हा सांगा. नुसतं ‘मांस नको’ म्हणालात तर भाजीत माशांचा सॉस पडणार, त्यांच्या लेखी ते मीठच. टोफू, भात, मॉर्निंग ग्लोरीची लसणावर परतलेली पालेभाजी, फळं मिळतात. दोन दिवसांनी कंटाळा येतो हे खरं, तेव्हा शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.