‘विधवांची रडगाणी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘घरटी माणूस लष्करात देणाऱ्या गावाबद्दल लिहिताना विधवांची रडगाणी कशाला? गावाला अभिमान आहे, तोच लिहा.’ तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आला नाही, कारण तो अभिमान आमच्याही घरात आहे. आणि एक चूक कबूल करतो. आजही पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावणारी पोरं लेखात यायला हवी होती, ती राहून गेली.

पण बायकांना वगळून ही गोष्ट मला सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे 46 जण गेले. आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या मागं पेरणी कुणी केली, सावकाराला कुणी तोंड दिलं, हे कुणी मोजलेलं नाही.

माझं गाव खटाव तालुक्यातलं. पावसानं पाठ फिरवलेला मुलूख, म्हणून पलटणीचा पगार हाच भरवशाचा. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. घरात त्या मोहिमेला ‘बसऱ्याची लढाई’च म्हणायचे. तिथल्या कुत-अल-अमारा गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांनी जवळजवळ पाच महिने वेढा घातला, घोडे कापून खायची पाळी आली, आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसं शरण गेली. त्यातल्या आपल्या शिपायांना उन्हातान्हात चालवत नेलं, पुढं रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी वाटेतच संपले.

पणजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं, माणूस बेपत्ता आहे. मग कुंकू लावायचं की नाही? भावकीत यावरून भांडणं झाली. लढाई संपून कागद येईपर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त, ती रोज सकाळी आधी मेण आणि मग कुंकू लावत राहिली. त्याआधी आलेली पत्रं चावडीत मास्तर मोठ्यानं वाचायचे. चारचौघांत वाचलं जाणार म्हणून पणजोबा बैलांची आणि पावसाची चौकशी तेवढी लिहायचे. तिच्यासाठी असं वेगळं एक अक्षर नाही.

याला तुम्ही रडगाणं म्हणता, दादा. मला तर ती पणजोबांइतकीच लढाईत होती असं वाटतं.

तुमचा अभिमानही इथंच आहे. 1940 साली तिचा एकुलता मुलगा, माझे आजोबा, पलटणीत निघाले तेव्हा तिनं अडवलं नाही. रात्रभर बसून दशम्या भाजल्या. सकाळी ओवाळायची वेळ आली तेव्हा शेजारच्या काकूंना बोलावलं. निरांजन काकूंच्या हातात होतं, आणि पणजी माजघराच्या दाराआड उभी होती.