तेजोमेघांचे फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेले नसतात

काकांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: ‘नेब्युलाचे सगळे फोटो बनावट. दुर्बिणीतून नुसता करडा धूर दिसतो, रंग नंतर भरतात. कॉम्प्युटर येण्याआधी होते का असे फोटो? आणि लाखोंच्या दुर्बिणीशिवाय ते निघतच नाहीत.’ त्याच्या जरा आधी भाचीने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (नेब्युला म्हणजे ताऱ्यांमधला वायू आणि धुळीचा ढग) स्वतः काढलेला फोटो टाकला होता. पोरीने तो डिलीट केला, म्हणून हे लिहितेय.

कॉम्प्युटरचा मुद्दा म्हणजे तर हद्द झाली. 30 सप्टेंबर 1880 रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी 11 इंची दुर्बिणीतून नेमक्या याच तेजोमेघाचा फोटो काढला, 51 मिनिटांचं एक्स्पोजर देऊन, म्हणजे तेवढा वेळ प्रकाश साठवत ठेवून. 1883 मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन यांच्या फोटोच्या काचेच्या प्लेटवर तर डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. तेव्हा कुठला आलाय कॉम्प्युटर!

ते फोटो कृष्णधवल होते, मग रंग कुठून आला? तेजोमेघातूनच. तिथला हायड्रोजन 656 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देतो. प्रयोगशाळेतल्या हायड्रोजनच्या नळीतही तीच तांबडी रेषा दिसते. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास कामच करत नाहीत. दिवा मालवल्यावर हिरवी चादर करडी दिसते, म्हणून तिचा रंग उडतो का? भाचीची मूळ फाइल मी पाहिली आहे. 30 सेकंदांची एकच फ्रेम, काहीही न बदललेली: मृगाच्या बाणाखाली गुलाबी डाग, कोपऱ्यातून गेलेली उपग्रहाची रेघ, सेन्सरचे चुकार लाल-निळे ठिपके. अशा बऱ्याच फ्रेम एकावर एक रचल्या की रेघ आणि ठिपके जातात, अंधुक भाग उठून दिसतो. याला प्रोसेसिंग म्हणतात, बनवाबनवी नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. हबल अवकाश दुर्बिणीच्या 1995 च्या, तेजोमेघातल्या वायू-धुळीच्या खांबांच्या गाजलेल्या चित्रात रंग नेमून दिलेले आहेत: सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. सल्फर आणि हायड्रोजन दोन्ही मुळात तांबडे, वेगळे ओळखू यावेत म्हणून तसं केलं. पण हे कुणी लपवलेलं नाही, आणि त्यावरून सगळेच फोटो खोटे ठरत नाहीत.

राहिले लाखो रुपये. शहराच्या उजेडापासून लांब गेलात तर साधा डीएसएलआर कॅमेरा, 50 एमएमची लेन्स, ट्रायपॉड आणि पाचेक सेकंदांचं एक्स्पोजर एवढ्यावर मृगातला तेजोमेघ उमटतो. काका, या थंडीत आमच्याबरोबर चला. कॅमेरा भाची लावेल, बटण तुम्ही दाबा.