हापूस विका, पण विकताय असं वाटू देऊ नका

मार्च उजाडला, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आंबा विकायला हरकत नाही. पण 'हापूस, अमुक रुपये डझन, घरपोच' असं दोन ओळींत लिहून मोकळं होणं हे हातगाडीवाल्याचं काम. तुम्हाला मनापासून लिहायचंय.

सुरुवात 'नमस्कार, मी कोकणातला एक साधा शेतकरी' अशी करावी. जन्म डोंबिवलीचा असला तरी बिघडत नाही, आजोळ कुठेतरी असेलच. मग बाबांना आणा. बाबांनी कातळ फोडून कलमं लावली, बाबा पहाटे उठून झाडांशी बोलतात. प्रत्यक्षात बागेची राखण नेपाळहून आलेले गडी करतात आणि फवारणीच्या खर्चाने कंबर मोडते. पण ते लिहू नका. फवारणी या शब्दाने कुणाला पाझर फुटत नाही.

आता माहिती. ती जितकी कमी तितका जिव्हाळा जास्त. डझन हे माप फार दयाळू आहे, त्यात दीडशे ग्रॅमचं फळही बसतं आणि तीनशे ग्रॅमचंही. एखाद्या ताईंनी वजन विचारलंच, तर 'ताई, आम्ही आंबा वजनावर नाही, विश्वासावर देतो' असं कळवावं. फळ झाडावरून कधी उतरवलं, चौदा आणे तयार होतं का, पेटीतल्या गवतात अजून किती दिवस ठेवायचं, हे तर मुळीच सांगू नये. असं लिहिणाऱ्याला आंबा कळतो हे लोकांच्या लक्षात येतं आणि मग ते आणखी प्रश्न विचारतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, रायपनिंग चेंबरमधल्या इथिलीनला मात्र परवानगी आहे, हा फरक समजावण्यात कशाला वेळ घालवायचा? 'केमिकल फ्री' लिहा. दोन शब्दांत विषय संपतो.

गावाचं नाव मात्र हवंच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्यातले जिल्हे. मानांकन वापरायचं तर बागायतदाराला नोंदणी करावी लागते. ते आपल्याला जमणारं नाही. त्यापेक्षा 'देवगडच्या मातीचा सुगंध' लिहा, सुगंधाला नोंदणी लागत नाही. वाशीच्या मार्केटात कर्नाटकातलाही आंबा येतो, आणि माती काय, त्यालाही असतेच.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन-चार चुका आठवणीने कराव्यात. फार शुद्ध झाले की ते तुम्हीच लिहिलेत हे शेंबडं पोरही ओळखतं.

घाई करायची, पण केली असं दिसता कामा नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकारांची यादी दिली. खोटी घाई लावणं त्यातच येतं. तेव्हा 'त्वरा करा' बाद. त्याऐवजी: 'घाई अजिबात नाही हं, फक्त सातच पेट्या उरल्यात म्हणून आपलं कळवलं.' सात हा आकडा एप्रिलभर हलवू नये. मे महिन्यात भाव उतरले की बघू.

राहता राहिला साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष. तो वरून कुणालाच दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. 'साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ' एवढी एकच ओळ लिहिणारे काही बागायतदार आहेत. त्यांची गिऱ्हाइकं भाव न विचारता दरवर्षी पेटी सांगतात. पण त्यात लेखनकौशल्य ते काय? तुमच्याकडे अर्ध्या डझनाचे फोटो आले, तर आधी हात जोडल्याची इमोजी टाका आणि मग लिहा: 'काकू, निसर्गापुढे कुणाचं चाललंय? तुमच्यासाठी म्हणून खास पायरी बाजूला काढून ठेवलीय. सातच पेट्या आहेत.'