हरल्यावर पुढचा सामना कधी?

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या खेळाडूंच्या सवलतींवरून जोरदार वाद चालू आहे. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क द्यावेत की नाही, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण खऱ्या खेळाडूंपर्यंत पोचतं की बनावट प्रमाणपत्रवाल्यांपर्यंत, पदक आणलं तर हरियाणाइतकी रक्कम महाराष्ट्र का देत नाही. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून नेमबाजीतलं ब्राँझ आणलं, तेव्हापासून हा शेवटचा मुद्दा तर सरतच नाही. मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला राहतो. हे पर्ड्यू विद्यापीठाचं गाव. ग्रुपवरचा वाद वाचताना मला इथल्या कॉलेज संघाचा एक हंगाम आठवत राहतो आणि वाटतं, आपण सगळे खेळ संपल्यानंतर काय मिळावं यावर भांडतोय. मुळात आपली मुलं खेळतात किती, हे कुणी विचारत नाही.

हंगाम २०२३-२४चा, पण तो समजायला आदल्या मार्चपासून सुरुवात करावी लागते. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये होते. ६८ संघ, चार विभाग, प्रत्येक विभागात एक ते सोळा मानांकन. १७ मार्च २०२३ला पहिलं मानांकन असलेला पर्ड्यूचा पुरुष संघ सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. फेअरली डिकिन्सन हे न्यू जर्सीतलं विद्यापीठ, आणि त्यांचा संघ उंचीने त्या वर्षी देशात सगळ्यात ठेंगणा. पर्ड्यूकडे मात्र सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही फक्त दुसरी वेळ होती. त्याआधीच्या दोन वर्षांतही पर्ड्यूला असेच फटके बसले होते: २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाचा नॉर्थ टेक्सास, २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाचा सेंट पीटर्स. गावातल्या वाणसामानाच्या दुकानात, न्हाव्याकडे, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मोठ्या सामन्यात हा संघ ढेपाळतो, असा शिक्का बसला तो बसलाच. प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्यावर देशभरातून टीका झाली.

पेंटर स्वतः पर्ड्यूचेच जुने खेळाडू, २००५ पासून इथले मुख्य प्रशिक्षक. विद्यापीठाने त्यांना हलवलं नाही. ईडी, ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, मेसन गिलिस, सगळे खेळाडू संघातच थांबले. सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स नावाचा एक चपळ गार्ड आला. नोव्हेंबरमध्ये पहिला सामना झाला आणि तिथून ८ एप्रिलपर्यंत हा संघ ३९ सामने खेळला.

एकोणचाळीस! माझं म्हणणं या आकड्याभोवतीच फिरतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

नोव्हेंबरमध्ये होनोलुलूत त्यांनी लागोपाठ गोन्झागा, टेनेसी आणि मार्केट या तीन तगड्या संघांना हरवलं. एक डिसेंबरला नॉर्थवेस्टर्नकडे जादा वेळेत हरले. जानेवारीत नेब्रास्काने त्यांना सोळा गुणांनी लोळवलं. फेब्रुवारीत ओहायो स्टेटकडे हार. हे तिन्ही पराभव परक्या मैदानावरचे. घरच्या मॅकी अरीनात त्या वर्षी एकही नाही. आणि प्रत्येक पराभवानंतर काही दिवसांत पुढचा सामना ठरलेला. चुकलेला पास, हुकलेला बचाव, घाईत घेतलेला शॉट दुरुस्त करायला वेळ होता आणि दुरुस्ती तपासून पाहायला प्रतिस्पर्धी होता. बिग टेन ही पर्ड्यू ज्यात खेळतं ती विद्यापीठांची लीग त्यांनी जिंकली. मग मार्चमध्ये ग्रॅम्बलिंग स्टेट, युटा स्टेट, गोन्झागा असे एकेक करत ते ३१ मार्चला डेट्रॉइटला टेनेसीसमोर उभे राहिले. टेनेसीच्या डाल्टन नेक्टने ३७ गुण केले. ईडीने ४० केले आणि १६ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे परत आलेले चेंडू, घेतले. ७२-६६. पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत. तिथे नॉर्थ कॅरोलिना स्टेटला नमवून अंतिम फेरीत, आणि अंतिम फेरीत कनेक्टिकटकडून ७५-६० असा सरळ पराभव. ईडीचे ३७ गुण होते, पण बाकीच्यांना त्या रात्री सूरच सापडला नाही. पूर्ण सामन्यात संघाचा एकच तीन गुणांचा बास्केट पडला. हंगाम ३४ विजय, ५ पराभव.

आता आपल्याकडे या. माझ्या वेळची विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अशी होती: बाद पद्धत, सकाळी नऊला पहिला सामना, साडेदहाला आम्ही हरलेलो, बारा वाजता एसटीत. बास्केटबॉलचं वर्ष संपलं. जुलैपासून पहाटे उठून सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले होते ते दीड तासासाठी. आमच्यातला एक डावखुरा मुलगा अप्रतिम पासर होता. त्या सकाळी त्याचा हात चालला नाही, विद्यापीठाच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही, दुसऱ्या वर्षी घरच्यांनी क्लास लावला आणि तो पुन्हा दिसला नाही. आजही ढाचा तोच आहे. विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तिथेही आधी बाद फेऱ्या आणि शेवटच्या चारांत साखळी. राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा आहे, २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स आहेत. त्या चांगल्याच गोष्टी आहेत, पण त्याही मोजक्या दिवसांच्या. आपल्याकडे स्पर्धा खूप आहेत. हंगाम नाही.

आणि माझ्या मते बनावट प्रमाणपत्रांची कीड इथूनच लागते. अख्खं वर्ष तीन दिवसांत उरकलं, पाहायला कुणी नव्हतं, तर त्या खेळाचा एकमेव पुरावा म्हणजे एक कागद. त्या कागदावर मार्क, त्या कागदावर नोकरी. मग तो कागद कुणीतरी विकणारच आणि कुणीतरी घेणारच. पडताळणीचे नियम कितीही कडक करा. ज्या मुलाने पाच महिने दर शनिवारी भर कोर्टवर दोनशे लोकांसमोर सामना खेळला, ज्याच्या प्रत्येक सामन्याच्या स्कोअरशीटवर दोन्ही कर्णधारांच्या सह्या आहेत, त्याच्या नावाने दुसऱ्या कुणाला खेळाडू होणं अवघड. कोण खेळलं हे गावाला ठाऊक असतं.

ईडीचंच बघा. टोरांटोचा मुलगा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळला, बास्केटबॉल हातात घेतला तो सोळाव्या वर्षाच्या आसपास. कॉलेजात आला तेव्हा देशभरच्या मुलांच्या क्रमवारीत चारशेच्याही खाली होता. पहिल्या वर्षी सामन्यामागे नऊच्या आत गुण, मैदानावर जेमतेम पंधरा मिनिटं. चौथ्या वर्षी सामन्यामागे पंचवीस गुण आणि लागोपाठ दुसऱ्यांदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. मी मॅकीत त्याला खेळताना पाहिलं आहे. डाव्या बाजूला बास्केटजवळ पाय रोवून तो हात वर करायचा. पाठीवर एक गडी रेललेला, दुसरा समोरून मनगटावर चापटी मारणारा. ब्रेडन स्मिथ, जेमतेम सहा फुटांचा, दोघांच्या डोक्यावरून त्या हाताला बरोबर चेंडू द्यायचा. ईडी घाई करायचा नाही. एकदा चेंडू खाली टेकवायचा, खांदा मधल्या बाजूला वळवायचा आणि उजव्या हाताने हूक टाकायचा. पंच शिट्टी देवोत न देवोत, चेहऱ्यावर काही नाही, उलट दिशेने पळत परत बचावाला. हे जन्मजात उंचीने येत नाही. पहिल्या वर्षी त्याच जागी तो अडखळायचा, चेंडू हातातून निसटायचा. चार हंगामांत शंभराहून जास्त सामने खेळला तेव्हा ते अंगात मुरलं. आपल्या त्या डावखुऱ्या मुलाला कॉलेजच्या नावाने एकूण किती सामने मिळाले असतील?

ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा आमच्या एका सीनियरदादांनी सुनावलं: अमेरिकेत बसून सांगणं सोपं आहे, तिकडे पैसा आहे. दादा, पैसा आहे हे खरं, आणि त्या पैशाने इथे जे चाललं आहे ते मला पटत नाही. वर्षानुवर्षं विद्यापीठं आणि वाहिन्या या मुलांच्या खेळावर कमावत होत्या. खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर चार पैसे मिळवायची परवानगी मिळाली ती थेट जुलै २०२१ मध्ये. ती मिळाल्यावर दुसरं टोक आलं. दर वसंतात शेकडो खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या विद्यापीठाकडे निघून जातात. टीव्हीच्या करारांसाठी बिग टेनने २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची चार विद्यापीठं आत घेतली, आता लीगच्या एका सामन्यासाठी इंडियानाच्या मुलांनी लॉस एंजेलिसपर्यंत विमानाने जायचं आणि परत येऊन वर्गात बसायचं. आणि ईडी? तो कॅनडाचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. शेजारच्या लॉकरवाला जाहिरात करून पैसे घेऊ शकत होता, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मात्र अमेरिकेच्या भूमीवर ती मोकळीक नव्हती. इथे शिकायला आलेल्या मराठी मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. आठवड्याला वीस तास काम, तेही कॅम्पसवरच, या नियमात ती रोज जगतात. त्या हंगामात आमच्याकडे जेवायला येणारी मुलं ईडीला आपला माणूस मानायची, त्यात हाही एक धागा होता.

तेव्हा अमेरिकेचा पैसा आणू नका. इथलं वेळापत्रक आणा.

वेळापत्रकाला पैसा फार लागत नाही. फर्ग्युसन, बीएमसीसी, मॉडर्न, गरवारे, एसपी ही पुण्यातली कॉलेजं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. पाच संघांनी एकमेकांच्या कोर्टवर दोन-दोनदा खेळायचं ठरवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा सामने येतात, आठ घरी आणि आठ बाहेर. ऑगस्ट ते जानेवारी, परीक्षेचे आठवडे सोडून, दर शनिवारी संध्याकाळी. नागपूरला करा, जिथे बास्केटबॉल आधीपासून मुरलेला आहे. मुंबईत नागपाड्याच्या आसपास करा, तिथल्या गल्लीत मुलं कुणी न सांगता खेळतात. आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे तशीच राहू दे. तिच्यासाठी निवड मात्र एका सकाळी न होता सोळा सामन्यांवरून व्हावी.

प्रेक्षक कुठून येणार, असं विचारणाऱ्यांना मी पुरुषोत्तम करंडकाची आठवण करून देतो. १९६३ पासून पुण्यात कॉलेजची मुलं एकांकिका करतात आणि भरत नाट्य मंदिरात त्यांची बाकीची पोरं घसा बसेपर्यंत ‘अरे, आवाज कुणाचा’ करतात. त्यातल्या कितीजणांना नाटकात करिअर करायचं असतं? ती येतात कारण रंगमंचावर आपलं कॉलेज आहे. मॅकीत तरी दुसरं काय असतं! फेब्रुवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत दारापाशी रांग लावणाऱ्या मुलांना, सामना अटीतटीचा झाला की बाकांवर नाचणाऱ्या बँडवाल्यांना बास्केटबॉलमधून काही मिळवायचं नसतं. हा आवाज आपल्याकडे आहे, फक्त आपल्या खेळाडूंनी तो कधी ऐकलेला नाही. सिमेंटच्या कोर्टच्या कडेला पिशव्या सांभाळत बसलेले दोन राखीव खेळाडू आणि एक कंटाळलेला शिपाई, एवढ्यांसमोर ते खेळतात.

आणि कॉलेजने खेळाडूमागे उभं राहणं आपल्याला नवीन आहे असं मुळीच नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या पदरमोडीवर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला कुसाळेपर्यंत, म्हणजे ७२ वर्षं लागली. या काळात बक्षिसाच्या रकमा वाढल्या, वाढायलाच हव्यात. पण बक्षीस पोचतं ते पोडियमवर चढलेल्या एकाला. त्याच्यामागे जे हजार जण पहिल्या फेरीत हरून घरी गेले, त्यांच्यात आणखी एखादा असेल तर तो कळायला त्याला दुसऱ्या शनिवारी पुन्हा खेळायला मिळालं पाहिजे.

ईडी गेल्यानंतर पर्ड्यूचं काय झालं? २०२४-२५ मध्ये बारा सामने हरले आणि शेवटच्या सोळांत ह्यूस्टनकडून ६२-६० असे अगदी शेवटच्या क्षणी बाहेर पडले. तरी स्मिथ आणि लॉयर थांबले, आणखी एक वर्ष खेळायचं म्हणून.

ग्रुपवर सध्या आपल्या कॉलेजच्या गुणवंत खेळाडूंच्या सत्कारासाठी वर्गणी जमते आहे. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, हॉलचं भाडं. माझा वाटा मी पाठवतो आहे, पण तो पंचांच्या मानधनाला आणि कोर्टवरच्या दिव्यांना लावावा ही विनंती. शेजारच्या कॉलेजच्या जिमखान्यात फोन करायचं काम मी इथून करतो. ऑगस्टचा पहिला शनिवार पकडू, आधी दोनच संघ असले तरी चालतील.