खुलासा : ब्रिटनच्या मालावर युरोपात सरसकट शुल्क नाही

‘ब्रेक्झिटनंतर (म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर) ब्रिटनच्या प्रत्येक वस्तूवर युरोपीय संघात आयातशुल्क लागतं’ असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली, माफ करा.

नंतर ब्रिटन आणि युरोपीय संघातला मूळ व्यापार करार काढून वाचला. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या या करारात, माल ब्रिटनमध्येच बनल्याच्या अटी पाळल्या तर शुल्क शून्य आहे. खरी अडचण कागदपत्रांची. चीज किंवा मांस पाठवायचं तर पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला लागतो आणि त्यात लहान व्यापारी मेटाकुटीला येतो. करार लागू झाला त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या बंदरात ट्रकचालकांच्या डब्यातले हॅम सँडविचसुद्धा काढून घेतले गेले!

नुकसान झालं नाही, असं मात्र मुळीच नाही. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाच्या अंदाजानुसार संघात राहिला असता त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. शिवाय ब्रिटनमधून त्याच देशाचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाच्या तपासणीवरून तिथला ब्रिटनवादी डीयूपी पक्ष सत्तेबाहेर पडला आणि तिथलं सरकार २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षं ठप्प होतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासाही टाका.