डबीत काय आहे?

इंदूरची कचरागाडी सकाळी गाणं वाजवत आमच्या गल्लीत शिरते, तिला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे 6 कप्पे, 2017 पासून सलग कित्येक वर्षं शहराने स्वच्छतेत पहिला नंबर लावलाय, आणि आमच्या घरातून प्लास्टिकच्या कप्प्यात काय पडतं तर काहीच नाही. कारण आई. "चांगली डबी आहे रे, राहू दे."

दुधाच्या पिशव्या धुवून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवलेल्या. कोपरा पूर्ण कापायचा नाही, लटकता ठेवायचा, नाहीतर तो इवलासा तुकडा कुठेतरी नालीत जातो, हे मात्र पटतं मला. दह्याच्या डब्यांना बुडाला भोकं पाडून त्यात तुळशीची रोपं, शाम्पूची बाटली अर्धी कापून तिच्यात चार्जिंगला लावलेला मोबाइल. हेही ठीक. पण श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड कधीच नसतं, मेथीदाणे असतात. आणि झाकणांचा वेगळा ड्रॉवर, त्यातलं एक झाकण एका डब्याला बसेल तर शपथ!

मी पण एकदा उत्साहात कोल्ड्रिंकच्या बाटलीत गरम तूप ओतलं. बाटलीने जागच्या जागी कंबर टेकली. तेव्हा कळलं की बुडाशी त्रिकोणात प्लास्टिकच्या प्रकाराचा आकडा असतो, तो 1 असेल तर गरम काही घालायचं नाही, 5 असेल तर जरा तरी सोसतं. तूप ओट्यावरून फरशीवर, मांजर खूश.

खरा घोटाळा दिवाळीत झाला. पुण्याची आत्या आलेली. आईने कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत पोह्यांवर घालायचं जीरावन भरून ठेवलं होतं, छान तपकिरी, बारीक. नरक चतुर्दशीची पहाट, लाइट गेलेले, आत्याने ती डबी उचलली, पाण्यात कालवलं आणि तोंडा-मानेला चोळून मोकळी झाली. तिखट, काळं मीठ, आमचूर, सगळं एकदम. मोरीतून आवाज आला, "वहिनी, तुमच्याकडचं उटणं फार झोंबतं हो!"

आई धावली ती दही घेऊन. घाईत दह्याचा डबा उघडला तर आत बटणं.

आता त्या डबीवर मार्करने लिहिलंय, 'जीरावन. तोंडाला लावू नये.' आत्या जाताना तीच डबी भरून मागून घेऊन गेली, आणि वर चार रिकाम्या.