म्हशींना कुठे न्यायचे, तेही लिहा

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने कोणती तयारी करावी, याचे एक पत्रक आज सकाळी आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आले. कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, बॅटरी जवळ असू द्या, कोरडा खाऊ बांधून ठेवा, घर सोडताना गॅस आणि वीज बंद करा, अफवांवर विश्वास ठेवू नका. सगळे बरोबर आहे. मी ते दोनदा वाचले, कारण गोठ्याचा उल्लेख कुठेतरी असेलच असे मला वाटत होते. तो नव्हता. त्याखाली, कित्येक वर्षांपासून पुण्यात राहणाऱ्या आमच्याच एका गाववाल्याने लिहिले होते की, ‘आपल्या लोकांना कितीही सांगा, पाणी उंबऱ्याला लागल्याशिवाय ते हलत नाहीत.’ हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ तालुक्यातल्या माणसाला पूर पत्रकातून शिकावा लागत नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, वारणा आणि दूधगंगाही याच पट्ट्यात येऊन मिळतात, आणि कृष्णा दुथडी भरली की पंचगंगेचे पाणी पुढे न सरकता मागे फुगत राहते. त्यामुळे आमच्याकडे पाणी सावकाश चढते आणि उतरायला त्याहून जास्त वेळ घेते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते; राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, यावर बायका भांडी घासता घासता बोलत असतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी अंगावर घेतले, त्यांना पाणी येणार हे कळत नाही असे समजणे हा शुद्ध अपमान आहे. त्यांना कळते, पण दावणीला जनावरे बांधलेली असतात आणि ती कुठे न्यायची हे कोणी सांगितलेले नसते.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या दारात नाव आली, तेव्हा माझ्या सासूबाई गोठ्याच्या पायरीवर पाण्यात उभ्या होत्या आणि दिवस भरत आलेल्या म्हशीचे दावे त्यांच्या हातात होते. नावेतल्या मुलाने विचारले, “आजी, जीव महत्त्वाचा की म्हैस?” त्यांनी त्याच्याकडे न पाहताच उत्तर दिले, “तिलाबी जीवच हाय न्हवं? मी येतो, पर हिला कुठं न्हेणार ते आधी सांग.” त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्याच्याकडे ते असायला हवे होते, असेही मी म्हणत नाही. ते उत्तर जून महिन्यातच कागदावर असायला हवे होते.

आता हिशोबाचे बोलू, कारण भावना बाजूला ठेवा म्हणणारे खूप भेटतात. दुभती म्हैस बाजारात लाखाच्या आसपास जाते. ती दगावली तर सरकारी निकषानुसार ३७,५०० रुपये मिळतात. ज्या घरात उसाचे बिल येईपर्यंत दर दहा दिवसांच्या दूधबिलावर किराणा, मुलांची फी आणि औषधे चालतात, त्या घरातल्या बाईला ‘जनावर सोडून द्या आणि चला’ असे सांगणे म्हणजे दुकानदाराला दुकान उघडे टाकून जा म्हणण्यासारखे आहे. आणि मग हेच लोक तिला अडाणी म्हणतात! संताप येतो.

आमच्या बाकीच्या दोन म्हशी दिरांनी दोराला धरून रस्त्याच्या भरावापर्यंत पोहत नेल्या. या म्हशीच्या दाव्याची गाठ मात्र भिजून इतकी आवळली होती की ती कोणाच्याच बोटांनी सुटेना. शेवटी नावेतल्या त्याच मुलाने विळा मागून घेतला, पाण्याखाली हात घालून चाचपत दावे कापले आणि तिच्या पाठीवर थाप मारून तिला सोडून दिले. ती पुन्हा कोणाला दिसली नाही. त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याचे डोळे लाल होते आणि तो किती रात्री झोपला नव्हता कोण जाणे. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली तेव्हा मला पहिल्यांदा त्याचीच आठवण झाली होती. राग पुढच्या प्रकाराचा आहे. पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी ‘मेलेले जनावर दाखवा’ असे सासूबाईंना सांगितले. वाहून गेलेली म्हैस दाखवायची कुठून?

२०२१ मध्ये लोक लवकर बाहेर पडले, जनावरेही बरीच हलवली गेली, हे मान्य करते. काही जण निव्वळ हट्टाने किंवा चोरीच्या भीतीने मागे राहतात, हेही खरे आहे. पूररेषेच्या आत घरे कोणी बांधू दिली, तो विषय आज काढत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की माणूस शेवटच्या घटकेला नावेत बसू शकतो, म्हैस बसू शकत नाही. तिला रस्ता कोरडा असेपर्यंतच चालत नेता येते, म्हणून आमच्या घराची निघण्याची वेळ माणसांवरून नव्हे, जनावरांवरून ठरवावी लागते. पत्रक लिहिणाऱ्याने हे लक्षात घेतले असते, तर त्यात घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांच्या लसी पावसाआधी टोचून घ्या असे आले असते. कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट जनावराचा फोटो पासबुकाशेजारी ठेवा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी पुरावा राहील, असे आले असते. जुलै-ऑगस्टमध्ये एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारा आणि साखळी वापरू नका, असे आले असते. मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, पिशव्या ऐनवेळी शोधत बसण्यापेक्षा आधीच उंचावरच्या पाहुण्यांकडे टाकून ठेवाव्यात, हे आमच्याकडच्या बायका न सांगता करतात. पण सगळ्यांचेच पाहुणे उंचावर नसतात.

येत्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे: कोणत्या वाडीची जनावरे कोणत्या गावात जाणार, तिथे वैरण आणि पाणी कोण पुरवणार, आणि बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले की ती निघणार. माझ्या मते ३९ फुटांच्या आत. माझ्या मित्रयादीत उंचावरच्या गावांतली बरीच मंडळी आहेत. ज्यांच्याकडे मोकळी शेड किंवा पडवी आहे, त्यांनी खाली गावाचे नाव, किती जनावरे मावतील आणि बोअरचे पाणी आहे का, एवढे लिहावे. भाडे घेणार असाल तर तेही आत्ताच सांगा. त्याचा कोणाला राग येणार नाही.